राहून जाणारी शुश्रूषा : नर्सने पीएच.डी. कशासाठी करायची?



रविवारच्या उपासनेनंतर कुणी ना कुणी मला दोन प्रश्न विचारतेच. पहिला सरळ असतो : "सिस्टर, म्हणजे आता तुम्ही डॉक्टर होणार का?" दुसरा जरा आडून येतो. आदिवासी भागातल्या मिशन दवाखान्यांना नर्स मिळत नाहीत आणि इथे एक अनुभवी नर्स कात्रजला राहून पुन्हा विद्यार्थिनी झाली आहे, हे कसे?

पहिल्याचे उत्तर एका ओळीत देते. प्रबंध मान्य झाला तर नावाआधी "डॉ." लागेल, पण औषध लिहून देण्याचा अधिकार त्याने मिळत नाही. मी नर्सच राहीन. दुसरा प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका ओळीत मावत नाही. नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी आपल्यापैकी पुष्कळ जण दरवर्षी देणगी देतात. त्या पैशाने नेमके काय शिकले जाते, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

माझा अभ्यासाचा विषय कुठला रोग नाही, औषधही नाही. रुग्णालयात शुश्रूषेचे काम कसे वाटले जाते, कोण काय करते, एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे काय पोहोचते आणि रुग्णापर्यंत शेवटी काय पोहोचते, एवढाच तो विषय आहे. ऐकायला किरकोळ वाटतो. मलाही नर्स म्हणून पहिली काही वर्षे असेच वाटायचे की चांगली सिस्टर असली की चांगली सेवा होते, त्यात अभ्यासण्यासारखे काय आहे?

एखाद्या मोठ्या रुग्णालयातला जनरल वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. सकाळी आठची वेळ. नाइटच्या सिस्टर ओव्हर देत आहेत, सकाळच्या घेत आहेत. मग कामे वाटली जातात. एक सिस्टर सगळ्यांची इंजेक्शने आणि सलाईन पाहील. दुसरी ताप, नाडी, रक्तदाब घेऊन चार्ट भरेल. तिसरी डॉक्टरांच्या राउंडबरोबर फिरेल, चौथी नवीन भरती आणि डिस्चार्ज बघेल. इनचार्ज सिस्टर औषधांचा साठा, चादरी, फोन आणि नातेवाइकांच्या तक्रारी सांभाळेल. या पद्धतीत कामे भराभर उरकतात आणि थोड्या माणसांत वॉर्ड चालतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हीच पद्धत आहे.

आता सतरा नंबरच्या खाटेवरच्या बाईचा विचार करा. दिवसभरात चार सिस्टर तिच्याजवळ येऊन जातात आणि प्रत्येक जण आपले काम चोख करते. पण ती काल रात्रीपासून जेवलेली नाही, हे चौघींपैकी एकीलाही ठाऊक नसते, कारण ते कुणाच्याच वाटणीत आलेले नाही. इंजेक्शनवालीने इंजेक्शन दिले, चार्टवालीने चार्ट भरला. बाई मात्र पूर्णपणे कुणाच्याच हाती नाही.

याला दुसरा मार्ग आहे. कामे वाटण्याऐवजी माणसे वाटायची : या सहा खाटा तुझ्या, या सहा तिच्या. मग त्या सहा जणांचे इंजेक्शनही तीच देईल, जेवणाचीही तीच चौकशी करेल आणि घरी जाताना औषधे कशी घ्यायची तेही तीच समजावेल. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९६९ साली मेरी मॅन्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना आणखी पुढे नेली. रुग्ण भरती झाल्यापासून घरी जाईपर्यंत त्याच्या शुश्रूषेची जबाबदारी एकाच ठरलेल्या नर्सवर. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धानंतर नर्सचा तुटवडा पडला तेव्हा, अनुभवी नर्सच्या हाताखाली छोटा गट देण्याची पद्धत तिथे रूढ झाली होती. प्रत्येक पद्धतीची किंमत असते. माणसे वाटायची तर नर्स जास्त लागतात आणि प्रत्येकीला सगळे काम यावे लागते. कुठल्या वॉर्डात कुठली पद्धत चालेल हे भावनेने ठरत नाही, ते पाहावे आणि मोजावे लागते. पीएच.डी.ची गरज इथून सुरू होते.

ही गोष्ट आपल्या पवित्र शास्त्रातही आहे. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढून पाहा. यरुशलेमची पहिली मंडळी प्रेमात कमी नव्हती. आपले सर्व काही समाईक ठेवणारे ते लोक. तरीही रोजच्या अन्नवाटपात काही विधवा सुटत होत्या, आणि सुटत होत्या त्या ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवा. इब्री बोलणाऱ्यांच्या नव्हे. म्हणजे प्रेम होते, अन्न होते, वाढणारे हात होते, पण व्यवस्था नव्हती. आणि व्यवस्था नसली की सगळ्यांत आधी कोण सुटते, तर ज्याची भाषा वेगळी तो. प्रेषितांनी यावर आणखी प्रेम करा असा उपदेश केला नाही. त्यांनी कुरकुर ऐकून घेतली आणि सात माणसे निवडून तेच काम त्यांच्याकडे सोपवले. त्या सातांची नावे वाचा : स्तेफन, फिलिप आणि पुढचे पाच. सगळी नावे ग्रीक आहेत. ज्यांचे लोक सुटत होते, त्यांच्याच हाती वाटप दिले. या अध्यायावर प्रवचन होते तेव्हा बहुधा स्तेफनच्या हौतात्म्याकडे लवकर वळतात. मला मात्र वाटपाची ती सहा-सात वचने पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटतात.

शुश्रूषेच्या अभ्यासात या सुटण्याला एक नाव आहे. आपण त्याला "राहून गेलेली शुश्रूषा" म्हणू. अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापक बिअॅट्रिस कॅलिश यांनी २००६ साली रुग्णालयातल्या नर्सशी बोलून काय काय राहून जाते ते शोधले. नऊ गोष्टी निघाल्या. रुग्णाला उठवून चालवणे, कूस बदलून देणे, वेळेवर भरवणे, आजाराविषयी समजावणे, घरी जाण्याची तयारी करून घेणे, धीर देणे, अंगाची स्वच्छता, पोटात किती गेले आणि बाहेर किती आले याची नोंद, आणि रुग्णावर बारीक लक्ष ठेवणे. या यादीत इंजेक्शन नाही. इंजेक्शन राहिले तर कागदावर दिसते, कुणीतरी जाब विचारते. कूस बदलायची राहिली तर चार दिवसांनी पाठीला जखम होते, आणि तोवर कुणाच्या पाळीत राहिली हे सांगता येत नाही.

यात नर्सच्या संख्येचाही भाग आहे, आणि तो मोजला गेला आहे. लिंडा एकन या नर्स-संशोधिकेने पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांतल्या सव्वादोन लाखांहून अधिक शस्त्रक्रियेच्या रुग्णांची माहिती तपासली. २००२ साली त्यांनी दाखवले की एका नर्सकडे सरासरी एक रुग्ण वाढला, की रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळते. २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांतूनही जवळपास तोच आकडा आला. शिवाय पदवीधर नर्सचे प्रमाण जिथे जास्त, तिथे मृत्यू कमी, असेही त्यात दिसले. अशा अभ्यासांतून एकामुळेच दुसरे घडले असे ठामपणे सिद्ध होत नाही, हे मान्य. पण देश बदलले तरी आकडा तोच येतो, तेव्हा त्याकडे काणाडोळा करता येत नाही. आपल्या भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात जनरल वॉर्डासाठी शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स आणि इतर रुग्णालयात पाचांमागे एक असे प्रमाण सांगितले आहे. रात्रीच्या पाळीत एखाद्या सरकारी वा खासगी वॉर्डात चक्कर मारून आलेल्या कुणालाही हे प्रमाण प्रत्यक्षात किती दिसते ते विचारा.

आता कात्रजच का, ते सांगते. साताऱ्याकडून घाट ओलांडून पुण्यात शिरताना आधी कात्रज लागते. बाहेरच्यांना ते तलाव, प्राणिसंग्रहालय आणि दूध डेअरी यांमुळे माहीत असते. शेजारच्या धनकवडीत भारती विद्यापीठाचा मोठा परिसर आहे. पतंगराव कदमांनी १९६४ साली स्थापलेल्या या संस्थेला १९९६ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. वैद्यकीय आणि नर्सिंग महाविद्यालय, रुग्णालय हे सगळे तिथे आहे. त्यामुळे या भागात नर्सिंगच्या मुली, ग्रंथालये, शिकवणारी माणसे आणि रुग्ण एकाच ठिकाणी सापडतात. पण मला या जागेचे महत्त्व वाटते ते तिच्या मागे असलेल्या डोंगरामुळे. भोर, वेल्हे, पुरंदर या बाजूंचे लोक आजार बळावला की सातारा रस्त्याने याच भागातल्या रुग्णालयांत येतात. त्यांत कातकरी असतात, महादेव कोळी असतात. कातकरी समाज महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात आदिवासींची संख्या १ कोटी ५ लाख, म्हणजे दर शंभरांत नऊहून अधिक. शहराच्या वॉर्डात ते पाहुण्यासारखे दबकून असतात.

पाहुण्यासारखे म्हणजे कसे? आपल्या वॉर्डांत शुश्रूषेचा बराच भाग नातेवाईक करतात, हे आपण सगळे जाणतो. पाणी पाजणे, बेडपॅन देणे, खालच्या मेडिकलमधून औषध आणणे, सलाईन संपत आली की सिस्टरला हाक मारणे. रुग्णालयाच्या हिशेबात ही माणसे कुठे लिहिलेली नसतात, पण ती नसतील तर वॉर्ड चालणार नाही. ज्याच्यापाशी चार नातेवाईक आहेत, आणि त्यातला एक "मॅडम, जरा बघता का" असे शहरी मराठीत म्हणू शकतो, त्याच्याकडे सिस्टर चार वेळा जाते. वीटभट्टीवरून आलेल्या कातकरी बाईपाशी एखादी आठ वर्षांची मुलगी असते, कधी तीही नसते. नवऱ्याचा दिवसाचा रोज बुडतो म्हणून तो परत गेलेला असतो. ती हाक मारत नाही. वॉर्डातल्या सगळ्यांना ती "शांत पेशंट, काही त्रास नाही" अशी वाटते. ओव्हर देतानाही तिच्या खाटेपाशी सगळ्यांत कमी वेळ थांबले जाते. सिस्टर वाईट नसतात. बोलावेल त्याच्याकडे जायचे, अशी आपोआप झालेली व्यवस्था असते, आणि न बोलावणारा तिच्यात सुटतो. यरुशलेमच्या विधवांसारखाच.

ही गोष्ट मला वाटते म्हणून खरी होत नाही. नऊ गोष्टींपैकी कुठल्या राहतात, कुणाच्या राहतात, कुठल्या पाळीत राहतात, हे नोंदवून दाखवावे लागते. मग ते काम कसे चालते?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाने पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षे लागतात आणि साधारणपणे सहा वर्षांची मर्यादा असते. प्रवेश परीक्षा, मग संशोधनपद्धतीचे शिक्षण, मार्गदर्शक, विषयाला मान्यता. त्यानंतर नीतिसमिती. या समितीत डॉक्टरच नव्हे, तर कायदा जाणणारी आणि सामान्य समाजातली व्यक्तीही असते, आणि तिथे मंजुरी मिळाल्याशिवाय एकाही रुग्णाला प्रश्न विचारता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आदिवासींसाठी जास्तीची काळजी घ्यायला सांगितले आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला संमतिपत्र त्याच्या भाषेत वाचून दाखवायचे, अंगठा घ्यायचा, आणि तिथे ज्याचा या अभ्यासाशी संबंध नाही असा साक्षीदार हवा. "नाही" म्हटले तरी उपचारात काडीचाही फरक पडणार नाही, हे दोनदा सांगायचे. पुष्कळ जण तरीही विचारतात, "सही नाही दिली तर सुट्टी देणार का?" हा प्रश्न आला की मला सही घेण्याची घाई करता येत नाही. रुग्णालयाचे नाव बाहेर न सांगणे हाही याच शिस्तीचा भाग आहे, म्हणून या लेखातही ते नाही.

निरीक्षणाची पद्धत अगदी साधी आहे. वही घेऊन वॉर्डात बसायचे आणि ठरावीक मिनिटांनी प्रत्येक सिस्टर त्या क्षणी काय करत आहे ते लिहायचे. रुग्णापाशी आहे, लिहीत आहे, औषध शोधत आहे, फोनवर आहे, चादरीसाठी दुसऱ्या वॉर्डात गेली आहे. अशा शेकडो नोंदी जमल्या की पाळीचा किती वेळ रुग्णापाशी जातो आणि किती रजिस्टरांत, याचे चित्र उभे राहते. अडचण अशी की कुणी वही घेऊन बसले की सगळे जरा जास्तच नीट वागतात. म्हणून सुरुवातीच्या काही दिवसांच्या नोंदी धरायच्याच नाहीत. माझी सवय झाली, चहाचा कप माझ्याही हातात आला, की मगच्या नोंदी खऱ्या.

दुसरी अडचण नर्सलाच येते. समोर सलाईन संपत आहे आणि मी नुसते लिहायचे? यासाठी आधीच लेखी ठरवलेले असते की कुठल्या प्रसंगी पेन खाली ठेवून उठायचे. श्वास अडखळला, रक्तस्राव दिसला, रुग्ण खाटेवरून पडण्याच्या बेतात आहे : उठायचेच. तहान लागली असेल तर? यावर बराच खल होतो. उठले तर अभ्यासात जे मोजायचे तेच पुसले जाते, आणि न उठणे माझ्याच्याने होत नाही. त्यामुळे पाणी द्यायचे आणि "हे निरीक्षकाने दिले" असे वहीत लिहायचे, असा मार्ग काढला आहे.

रुग्णांना विचारण्यातही मेख आहे. "तुमची काळजी नीट घेतली का?" असे विचारले की गरीब माणूस हमखास म्हणतो, "सगळं चांगलं होतं बाई, देवमाणसं आहेत." असली उत्तरे गोळा करून प्रबंध जाड होईल, पण हाती काही लागणार नाही. म्हणून प्रश्न असा करावा लागतो : रात्री तहान लागली तेव्हा काय केलंत? संडासला कुणाबरोबर गेलात? या गोळ्या कधी घ्यायच्या ते मला सांगता का? इथे मात्र माणसे मोकळेपणाने बोलतात, कारण यात कुणाला नावे ठेवल्यासारखे होत नाही. माझे काम अजून चालू आहे. नोंदी पुऱ्या होण्याआधी निष्कर्ष सांगणे बरे नव्हे, म्हणून तो मोह टाळते.

नर्सने असे मोजमाप करणे नवीन नाही. १८५४ साली क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला दिवा घेतलेली बाई म्हणून माहीत आहेत. पण परत आल्यावर त्यांनी मृत्यूंचे आकडे मांडले, आकृत्या काढल्या, आणि जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी जास्त सैनिक मेले हे सरकारला दाखवून दिले. दिव्याचे चित्र आपल्या भिंतींवर लागले, आकृत्या मागे राहिल्या. आपल्या देशात नर्सिंगची पदवी १९४६ साली सुरू झाली, दिल्लीत आणि वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात. म्हणजे या शिक्षणाच्या पायाभरणीत मिशनचा हात होता, हे आपण अभिमानाने सांगू शकतो. पदव्युत्तर शिक्षण १९५९ च्या सुमारास दिल्लीत आले. पीएच.डी. मात्र फार काळ तुरळक राहिली. परिचर्या परिषदेने बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या साथीने राष्ट्रीय पातळीवरचा पीएच.डी. उपक्रम सुरू केला तो २००५-०६ च्या सुमारास.

"पण हा अभ्यास कपाटात पडणार," असे कुणी म्हणेल. पुष्कळ प्रबंध पडतात, खोटे कशाला बोलू? तरी महाराष्ट्रातली दोन कामे पाहा. शुश्रूषा कशी वाटायची हा प्रश्न तिथे गावातच सोडवला गेला.

पहिले जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या वेल्लोरला शिकलेल्या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये तिथे काम सुरू केले. सुरुवातीला गावांत प्रशिक्षित नर्स ठेवायचा विचार होता. तो नीट जमेना. बाहेरच्या मुली खेड्यात एकट्या राहायला बिचकत आणि गावही त्यांना लवकर आपले म्हणेना. मग गावातल्याच स्त्रिया निवडल्या, त्यांतल्या कित्येक निरक्षर आणि दलित. बाळंतपण, बाळाचे वजन, जुलाबात द्यायचे पाणी, हे सगळे त्यांना शिकवले. नर्स आणि डॉक्टर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरे गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये "सर्च" ही संस्था सुरू केली. दवाखान्यात का येत नाही, असे त्यांनी आदिवासींना विचारले, तेव्हा आलेली उत्तरे कुठल्याही नर्सने मनात ठेवावीत अशी आहेत. मोठ्या इमारतीची भीती वाटते. डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे घालतात, आणि आम्ही मेलेल्याला पांढऱ्यात गुंडाळतो. आमच्या माणसांना आमच्याजवळ राहू देत नाहीत. म्हणून शोधग्रामचा दवाखाना पाड्यासारखा, झोपड्यांच्या रचनेत बांधला गेला आणि नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता आले. पुढे त्यांनी ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कोंडला तर काय करायचे, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. दायांना श्वास मोजता यावेत म्हणून मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले साधन केले. ज्या गावांत ही व्यवस्था नव्हती त्यांच्याशी तुलना केली, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. १९९९ साली हे "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. मोजले नसते तर ते एका चांगल्या संस्थेचे चांगले काम म्हणून तिथेच राहिले असते. मोजले म्हणून ही पद्धत देशभरच्या आशा सेविकांच्या कामात शिरली.

दोन्ही ठिकाणी कृत्यांच्या सहाव्या अध्यायातलेच घडले. सुटणाऱ्यांच्या भाषेच्या माणसाकडे वाटप सोपवले गेले.

मग आपल्या छोट्या मिशन दवाखान्यांनी काय करावे? नंदुरबार जिल्ह्यातल्या चिंचपाडा ख्रिस्ती रुग्णालयासारख्या ठिकाणी भिल्ल रुग्ण येतात. त्या जिल्ह्यात पावरी, मावची, भिली बोलतात. मेळघाटात कोरकू आहे, आणि ती तर मराठीच्या कुळातलीच नव्हे. मराठी सिस्टरला ती ऐकून अंदाजानेही कळत नाही. अशा दवाखान्यांना पीएच.डी.ची वाट पाहायची गरज नाही. ओव्हर देताना एक ओळ वाढवता येईल : या रुग्णाची भाषा कोणती, आणि या पाळीत ती कुणाला येते. वॉर्डातल्या मावशीला येत असेल तर तिचे नाव लिहावे. तिला डिस्चार्जच्या वेळी बोलवावे आणि त्या कामाचा मान द्यावा. गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढावेत. ज्याच्यापाशी नातेवाईक नाही, त्याची खाट सिस्टरच्या टेबलाजवळ द्यावी. छोट्या दवाखान्यात माणसे वाटून घेण्याची पद्धत मोठ्यापेक्षा सहज बसते, कारण तिथे सिस्टरला सगळ्यांची नावे माहीत असतात.

आता देणगीबद्दल, कारण दुसरा प्रश्न तिथूनच आला होता. माझे मत स्पष्ट आहे. निधी एकीपुरताच असेल, तर तो पीएच.डी. करणाऱ्या माझ्यासारखीला आधी देऊ नका. पावरी किंवा कोरकू बोलणारी, बारावी झालेली मुलगी शोधा. ए.एन.एम.ला दोन वर्षे लागतात, जी.एन.एम.ला तीन. दोन्हींना बारावी पास लागते, आणि आपल्या पाड्यांवरच्या मुली गळतात त्या बहुतेक त्याआधीच. म्हणून मदत दहावीपासून सुरू करावी लागेल. फी हा त्यातला सगळ्यांत सोपा भाग. जी.एन.एम.ची पुस्तके आणि परीक्षा इंग्रजीत, वसतिगृहात सगळ्या जणी शहरी, आणि घरून फोन आला की लग्नाचा विषय. पहिल्या वर्षात इंग्रजीची शिकवणी आणि दर महिन्याला तिला भेटायला जाणारे मंडळीतले एखादे कुटुंब, एवढे असले तरी ती टिकेल. पुण्यात शिकणाऱ्या अशा मुलींसाठी हे करायला कुणी तयार असेल तर कार्यालयाला कळवावे. कात्रज, धनकवडी, आंबेगाव या भागात राहणाऱ्यांना तर बसही बदलावी लागणार नाही.